सोळाव्या वर्षाची घाई नेमकी कोणाला आहे?

प्रति,
श्री. मोरिनारी वातानाबे, अध्यक्ष, आणि कार्यकारी समितीचे सर्व सदस्य,
आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघ,
लोझान, स्वित्झर्लंड

महोदय,

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका शहरात मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते. सत्तावीस वर्षं झाली. आमच्या हॉलमध्ये बार्सचा एकच संच आहे. पावसाळ्यात त्याचे खांब गंजू नयेत म्हणून दर शनिवारी तेलाच्या फडक्याने पुसावे लागतात. व्हॉल्टची, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीची, धाव पंचवीस मीटर भरत नाही, म्हणून मुली व्हरांड्यातून पळत सुटतात आणि दारातून आत येतात. अशा ठिकाणाहून लोझानला पत्र लिहिणं जरा आगाऊपणाचंच आहे, हे मला कळतं. पण तुम्ही तिथे नियमात एक आकडा लिहिता आणि तो आज ना उद्या माझ्या हॉलमधल्या फळ्यावर येतो. आमच्याकडचे वयोगट, निवडी, पालकांचे हिशेब सगळे त्या आकड्यावर बेततात. तो आकडा आहे सोळा: मुलींना सिनिअर स्पर्धेत उतरायचं किमान वय. पत्र त्याच्याबद्दल आहे.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्याइतकंच ते इथल्या आईबापांनी आणि माझ्या व्यवसायबंधूंनी वाचायला हवं आहे.

2025 च्या ऑक्टोबरात जकार्तात जागतिक स्पर्धा झाली. रशियाच्या अँजेलिना मेल्निकोवाने सर्वांगीण सुवर्ण (व्हॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअर या चारही साधनांच्या बेरजेचं) घेतलं, व्हॉल्टचंही घेतलं. ना झेंडा, ना राष्ट्रगीत. रशियावरच्या बंदीमुळे तटस्थ खेळाडू म्हणून ती उतरली होती. आम्ही हॉलमध्ये मॅटवर बसून फोनवर तिचे सेट पाहत होतो. माझी अकरा वर्षांची एक विद्यार्थिनी म्हणाली, "ताई, ही अजून खेळते?"

मेल्निकोवा तेव्हा पंचवीस वर्षांची होती. पंचविशीत आमच्याकडच्या मुली पहिली नोकरी धरतात. पण त्या पोरीच्या डोक्यात पंचविशीची जिम्नॅस्ट म्हणजे म्हातारी. हे तिला मी शिकवलं नाही, निदान मुद्दाम तरी नाही. सोळाला सिनिअर म्हटलं की अठराला उतार लागतो आणि विशीत निरोप, असा हिशेब मुली आपोआपच करतात. आणि सोळाला सिनिअर व्हायचं, तर अवघड ते सगळं चौदाच्या आत हाताशी हवं. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलीचं बालपण कोणत्या वेगाने हाकायचं, हे तुमचा आकडा ठरवतो.

रशियाचं उदाहरण घेते, कारण माझ्या पिढीने हा खेळ त्यांच्याकडे बघत बघतच शिकला. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात स्वस्तात मिळणारी रशियन पुस्तकं आमच्या घरात होती. सोलच्या ऑलिंपिकमध्ये येलेना शुशुनोवाने रुमानियाच्या दानिएला सिलिवाशला 79.662 विरुद्ध 79.637 असं मागे टाकलं, तो आकडा मला आजही पाठ आहे. आमची दीपा कर्माकर रिओत ज्या व्हॉल्टमुळे चौथी आली, त्यालाही नाव येलेना प्रोदुनोवा या रशियन मुलीचं. तेव्हा रशियन जिम्नॅस्टिक्सवर राग काढायला मी बसलेली नाही. झालंच तर उलट.

आता विक्टोरिया लिस्तुनोवाची दिनदर्शिका बघा. जन्म 12 मे 2005. जून 2019 मध्ये हंगेरीतल्या ग्योरला तुम्ही पहिली ज्युनिअर जागतिक स्पर्धा भरवली. तिथे रशियन मुलींनी सांघिक सुवर्ण जिंकलं. सर्वांगीण आणि फ्लोअरचं सुवर्ण लिस्तुनोवाचं, बार्सचं व्लादिस्लावा उराझोवाचं, बीमचं येलेना गेरासिमोवाचं. ऑलिंपिक 2020 मध्येच झालं असतं, तर लिस्तुनोवा वयात बसली नसती. करोनाने ते वर्षभर पुढे ढकललं आणि 2005 सालच्या मुलींना खेळू द्यायचं तुम्ही ठरवलं. 31 डिसेंबर 2020 ला ती ज्युनिअर होती, 1 जानेवारीला सिनिअर. एप्रिलमध्ये बाझेलला ती युरोपची सर्वांगीण विजेती झाली, तेव्हा सोळाव्या वाढदिवसाला तीन आठवडे बाकी होते. 27 जुलैला टोकियोत सांघिक सुवर्ण: 169.528 विरुद्ध अमेरिका 166.096. त्या मुलींच्या आधी तिथल्या बायकांनी हे सुवर्ण घेतलं होतं ते 1992 साली, माजी सोव्हिएत देशांचा एकत्रित संघ म्हणून.

ज्युनिअर ते ऑलिंपिक विजेती: सात महिने. आमच्याकडे बोर्डाच्या परीक्षेला दहावीचं पूर्ण वर्ष देतात.

टोकियोचा तो सामना मी पुन्हा पुन्हा पाहिलेला आहे. अंतिम फेरीत प्रत्येक साधनावर तिघी उतरतात आणि तिघींचेही गुण धरतात, एकाचीही सूट नाही. बीमवर उराझोवा पडली, मग मेल्निकोवा पडली. त्यानंतर फ्लोअरवर जायचं होतं. त्या मिनिटांत उराझोवा आणि लिस्तुनोवा या सोळा वर्षांच्या दोन पोरींवर किती ओझं होतं, ते त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. त्यांनी ते पेललं, मान्य. म्हणून ते द्यायला हवं होतं असं होत नाही.

माझ्या तक्रारी आता सरळ लिहिते.

पहिली आणि सगळ्यात मोठी. मुलांना तुम्ही अठराव्या वर्षी सिनिअर करता आणि मुलींना सोळाव्या. कारण असं सांगतात, की रिंग्जवर, पॉमेलवर लागणारी ताकद मुलांना उशिरा येते. बरोबर आहे. मग मुलींचं काय होतं? बारा-तेरा वर्षांची सडपातळ मुलगी हवेत भराभर फिरते, कारण वजन कमी, कंबर अरुंद. त्यानंतर उंची वाढते, वजनाचा मध्य खाली सरकतो, जे ट्विस्ट डोळे मिटून व्हायचे ते पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागतात. दोन वर्षं, कधी तीन. त्या काळात हाडांची वाढ चालू असते आणि सांधे कुरकुरत असतात. जिला त्या काळात वेळ मिळतो ती पुढे बाई म्हणून खेळते, जिला मिळत नाही ती संपते. म्हणजे मुलांना तुम्ही शरीर भरेपर्यंत थांबू देता आणि मुलींना सांगता, शरीर भरायच्या आत उरकून घ्या.

हा खेळ मुळात असा नव्हता हे तुम्हाला मी सांगायला नको. लारिसा लातिनिना मेलबर्नला एकवीस वर्षांची होती आणि टोकियोत 1964 साली एकोणतीस. ल्युदमिला तुरिश्चेवा म्युनिकला एकोणिसाव्या वर्षी सर्वांगीण विजेती झाली. मग 1976 ला माँट्रियालमध्ये रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने सगळं जग वेडं केलं आणि प्रत्येक देश लहान मुली शोधायला लागला. तुम्ही वय चौदावरून पंधरा केलं 1981 मध्ये आणि पंधराचं सोळा केलं 1997 मध्ये. म्हणजे चुकीच्या दिशेने गेलो हे महासंघाला दोनदा कळलं. त्यानंतर एक पिढी उलटली, आकडा हललेला नाही.

दुसरी तक्रार छोटी आहे. तुमचा सोळा खरा सोळा नसतोच. तुम्ही जन्माचं वर्ष धरता, तारीख नाही. डिसेंबरात जन्मलेली मुलगी पूर्ण हंगाम पंधराव्या वर्षी सिनिअर म्हणून खेळते. लिस्तुनोवा बाझेलला तशीच खेळली.

तिसरी: मधली पायरी नाही. ज्युनिअरचं दार बंद होतं त्याच रात्री सिनिअरचं उघडतं, आणि पलीकडे विश्वचषक, जागतिक स्पर्धा, ऑलिंपिक सगळं एकदम. आलिया मुस्ताफिना 2010 मध्ये सोळाव्या वर्षी रॉटरडॅमला सर्वांगीण जगज्जेती झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये बर्लिनला युरचेन्को अडीच ट्विस्टचा व्हॉल्ट मारताना तिच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. तेव्हाही ती सोळाचीच होती. लंडनला ती परतली, चार पदकं घेतली, बार्सचं सुवर्ण धरून. समालोचक अजून त्या पुनरागमनाची गोष्ट सांगतात. आपल्याला पुनरागमनाच्या गोष्टी फार आवडतात. गुडघा सोळाव्या वर्षी का गेला, हे त्या गोष्टीत कोणी विचारत नाही.

इथे माझं स्वतःचं सांगितलं पाहिजे, नाहीतर हे पत्र लिहायचा मला अधिकार नाही.

माझ्याकडे एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. सहाव्या वर्षी आली, पाय सरळ, पंजा असा ताणलेला की बघत राहावं. 2022 मध्ये ती पंधराची झाली, ज्युनिअरचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी सिनिअर गटात निवड व्हायची तर हातातल्या व्हॉल्टला पुरेशी डिफिकल्टी, म्हणजे अवघडपणाचे गुण, नव्हते. निवडीशी संबंधित एका गृहस्थांनी मला फोन केला आणि म्हणाले, "मॅडम, एवढ्यावर भागणार नाही." तिची आई रोज हॉलच्या दारात. मी तिला फोनवर ग्योरचे व्हिडिओ दाखवले. "ही बघ, तुझ्याच वयाची," असं मीच म्हणाले. तीन महिन्यांत नवीन व्हॉल्ट उभा केला, जो मी एरवी वर्षभर घेतला असता. त्याच वर्षात ती साडेतीन इंच वाढली होती. मी ते भिंतीवरच्या पट्टीवर स्वतः मोजलं होतं, पेन्सिलने खूण केली होती. तरी थांबले नाही. तिचं लँडिंग कमी पडलं, एक पाय मॅटच्या सांध्यात गेला. आवाज सगळ्यांनी ऐकला.

ऑपरेशन झालं, ती नीट चालते. बँकेच्या परीक्षांचा क्लास लावलाय. टीव्हीवर जिम्नॅस्टिक्स लागलं की चॅनेल बदलते, असं तिची आई मागे भाजीबाजारात भेटली तेव्हा म्हणाली. पेन्सिलची खूण अजून भिंतीवर आहे. रंगकाम निघालं होतं, मी तेवढा तुकडा सोडायला सांगितला.

चूक माझी होती. ती तुमच्यावर ढकलत नाही. पण माझ्यासारख्या हजारो प्रशिक्षकांना एकाच वेळी, एकाच वयाच्या मुलींच्या बाबतीत तीच चूक करावीशी वाटते, तेव्हा दोष नुसता आमच्या स्वभावाचा नसतो. अठरा असतं, तर त्या गृहस्थांचा फोन आलाच नसता आणि आला असता तरी मी म्हटलं असतं, "आहेत अजून तीन वर्षं."

एक आक्षेप मला ठाऊक आहे: वय वाढवलं म्हणून धोका जात नाही. खरं आहे. येलेना मुखिना 1978 ची सर्वांगीण जगज्जेती. पाय मोडलेला, पुरता बरा झालेला नव्हता, आणि तरी 1980 च्या जुलैमध्ये मिन्स्कच्या सराव शिबिरात तिच्याकडून थॉमस साल्टो ही जिवावरची उडी करून घेत होते. मान मोडली. पुढची सव्वीस वर्षं ती अंथरुणावर होती. मान मोडली तेव्हा ती वीस वर्षांची होती. घाई करणारी माणसं वीसच्या बाईलाही सोडत नाहीत, हे मी मान्य करते. पण विशीतली बाई "नाही" म्हणण्याची निदान शक्यता असते. पंधराची मुलगी कोणाला "नाही" म्हणणार? मला तरी माझ्या सत्तावीस वर्षांत एकीनेही म्हटलं नाही. त्याचा मला पूर्वी अभिमान वाटायचा.

दुसरा आक्षेप: अठरानंतर मुली टिकत नाहीत, खेळ फिका पडेल. पॅरिसचं व्यासपीठ आठवा. सर्वांगीणमध्ये पहिली सिमोन बाइल्स सत्तावीस वर्षांची, दुसरी रिबेका आंद्रादे पंचवीस, तिसरी सुनी ली एकवीस. ओक्साना चुसोवितिना 1992 च्या एकत्रित संघात होती आणि टोकियोतही उतरली, सेहेचाळिसाव्या वर्षी. आमची दीपा तिसाव्या वर्षी ताश्कंदला आशियाई विजेती झाली. आणि मेल्निकोवा! रिओत ती सोळाची होती, संघाचं रौप्य घेऊन गेली. तेव्हाच कोणी तिला "संपली" म्हणून घरी पाठवलं असतं, तर 2021 चं किताक्युशूचं जगज्जेतेपद नाही, जकार्ता नाही. लवकर पिकवायच्या नादात किती मेल्निकोवा कच्च्याच गळून पडल्या, याची नोंद मात्र कुठे दिसत नाही.

फिगर स्केटिंगवाल्यांनी हे करून दाखवलं. त्यांनाही ते रशियन मुलींमुळेच करावं लागलं. 2018 ची ऑलिंपिक विजेती अलिना झागितोवा पंधराव्या वर्षी जिंकली आणि सतराव्या वर्षी तिने स्पर्धा थांबवल्या. मग बीजिंगला पंधरा वर्षांची कमिला वालियेवा. डिसेंबर 2021 च्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे बंदी असलेलं हृदयाचं औषध सापडलं, आणि ती सगळ्या जगासमोर बर्फावर पडत राहिली. नियमांच्या भाषेत ती 'संरक्षित व्यक्ती' होती. संरक्षण काय झालं ते आपण पाहिलं. शेवटी चार वर्षांची बंदी तिलाच. त्यानंतर जून 2022 मध्ये स्केटिंग महासंघाने फुकेतच्या अधिवेशनात सिनिअर वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा केलं. त्यांना एवढं बघावं लागलं तेव्हा कुठे हलले. तुम्ही कशाची वाट बघताय?

आता चौथी तक्रार. ती लिहिताना हात जपून चालवावा लागतो. 4 मार्च 2022 ला तुम्ही रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना 7 मार्चपासून बंदी घातली. युद्ध कोणी लादलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोहात रशियाचा इवान कुल्याक छातीवर 'झेड' हे रशियन सैन्याचं युद्धचिन्ह लावून युक्रेनच्या कोव्तुनशेजारी व्यासपीठावर उभा राहिला, ते चित्र मी पाहिलंय. त्याला शिक्षा झाली, योग्य झाली. तो वीस वर्षांचा होता. पण ज्या मुली तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या, त्यांची ज्युनिअरची बहुतेक वर्षं परदेशातली मोठी स्पर्धा न बघता गेली. 2024 पासून तुम्ही 'तटस्थ वैयक्तिक खेळाडू' म्हणून दार किलकिलं केलं: युद्धाला पाठिंबा नको, सैन्याशी संबंध नको. प्रौढांसाठी हे ठीक. पण रशियात त्सेस्का हा क्लब सैन्याचा, दिनामो पोलिसी खात्यांचा, आणि सहा वर्षांच्या पोरीला नाव घालायला नेणारी आई उबदार हॉल आणि चांगला प्रशिक्षक बघते, मंत्रालय बघत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला युद्धाबद्दलचं मत विचारून तिची छाननी करायची? तिने खरं उत्तर दिलं तर तिच्या घरच्यांचं काय होईल, याचा विचार कोणी केला का? युक्रेनच्या मुलींचा हक्क आधी, त्याबद्दल दुमत नाही. पण अल्पवयीनांसाठी वेगळा नियम हवा, आणि तो लेखी, जाहीर हवा.

रशियन महासंघालाही दोन शब्द. मॉस्कोजवळच्या क्रुग्लोये सरोवराच्या केंद्रात तुम्ही या मुली घडवता, त्यातलं कौशल्य आम्ही जगभरचे प्रशिक्षक चोरून शिकतो. पण बाहेरच्या स्पर्धा बंद असताना तुमच्या हाती आयती संधी होती: मुलींना सावकाश वाढू द्यायची. ती तुम्ही किती वापरली, ते तुम्हीच जाहीर करा.

मागण्या अशा आहेत:

लॉस एंजेलिस 2028 चे नियम आता बदलता येणार नाहीत, हे समजते. त्यानंतरच्या पहिल्या वर्षापासून महिलांचं सिनिअर वय सतरा करा आणि पुढच्या दोन वर्षांत अठरा. पुरुषांइतकंच.

वय जन्मतारखेवरून मोजा, सालावरून नाही.

ज्युनिअर जागतिक स्पर्धा ग्योरनंतर अंताल्या, मनिला अशी आता रुळली आहे. तिची वरची वयोमर्यादा मुलींसाठी सतरापर्यंत न्या, म्हणजे सोळा-सतराच्या मुलींना खेळायला जागा राहील आणि पदकंही मिळतील. त्या गटात डिफिकल्टीला वरची मर्यादा घाला. मर्यादा नसेल तर वय वाढवून उपयोग नाही, आम्ही तीच घाई दुसऱ्या नावाने करू. आम्हाला आमच्याच हाती सोडू नका.

अठराच्या आतल्या खेळाडूंच्या गंभीर दुखापतींची नोंद प्रत्येक सदस्य देशाकडून घ्या आणि नावं वगळून दरवर्षी छापा. भारताकडूनही. माझ्या त्या मुलीची दुखापत आज कुठल्याही कागदावर नाही, फक्त एका इस्पितळाच्या फाइलीत आहे.

तटस्थ खेळाडूंच्या छाननीत अल्पवयीनांना मतं विचारणं बंद करा. जबाबदारी त्यांच्यासोबत येणाऱ्या प्रौढांची धरा.

आणि वयाच्या प्रस्तावावर मतदान झालं तर कोणत्या देशाने काय मत दिलं, ते उघड करा. आमच्या देशाचं मत काय होतं, हे मला आमच्या हॉलमधल्या पालकांना सांगता आलं पाहिजे.

उत्तर फ्रेंचमध्ये आलं तरी चालेल, इंग्रजीत आलं तरी चालेल. माझ्याकडे वाचून दाखवायला मोठ्या मुली आहेत. संध्याकाळी साडेपाच ते आठ हॉल उघडा असतो.

आपली,
ठाणे जिल्ह्यातली एक जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षक